दहाने गुणायचं राहिलं

बुरेटमधून शेवटचा थेंब पडला आणि फ्लास्कमधलं पाणी गुलाबी झालं. फिकट, पण ढवळलं तरी न जाणारं गुलाबी. तिने तोटी बंद केली, वाकून रेषेच्या पातळीला डोळा नेला आणि नेहमीसारखी मोठ्याने म्हणाली, "बारा!"

दादाने नेहमीसारखं वहीत लिहिलं.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत आठ वर्षं असंच चाललं होतं. ती बुरेट वाचायची; मोठा भाऊ प्रयोगशाळेचा प्रमुख, तो आकडा लिहून घ्यायचा आणि आकडेमोड करायचा. "डोळा तुझा, डोकं माझं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचा. पानाखाली तपासणारी म्हणून सही मात्र तिची. प्रमुखाने तिथे सही करायची नाही असा नियम होता, आणि नियम दादाला तोंडपाठ होते.

आज टेबलापलीकडे मॅनेजरसाहेबही उभे होते, नाकाला रुमाल लावून.

सोमवारी आम्लाच्या टाकीबाहेरच्या पाटीवर प्रयोगशाळेने काढलेला तीव्रतेचा आकडा लागला होता: शून्य पॉइंट सहा. एकच्या खाली असलं की गमबुटाशिवाय उतरायला हरकत नाही. टाकी धुणारा कामगार चपला घालून उतरला. आम्ल होतं सहा. गुडघ्यापर्यंत पाय सोलून निघाला त्याचा. आम्ल कडक असतं, म्हणून ते दहापट पातळ करून तपासायचं आणि शेवटी उत्तर दहाने गुणायचं. दादाने त्या दिवशी मान वाकडी करून खांद्यात फोन धरला होता, नव्या गाडीच्या रंगावरून कुणाशी तरी वाद घालत होता. गुणायचं राहिलं. बस, एवढंच.

"चूक माझी आहे. मी सांगतो साहेबांना," काल तो म्हणाला होता. आणि आज आत शिरण्याआधी बोळात तिला थांबवून म्हणाला, "ते म्हणणार, बहिणीला वशिल्याने चिकटवलंय, तिला ओ का ठो येत नाही. सोमवारचा नमुना आहे ना ठेवलेला? त्यावर सगळं करून दाखव. आकडेमोडसुद्धा. एकदम चोख. त्यांचं तोंड बंद झालं की पुढचं मी बोलतो."

दुपारी पोलीस जबाब घ्यायला येणार होते. त्यांना एक नाव द्यायचं होतं.

"रीडिंग बरोबर आहे," साहेब वही चाळत म्हणाले. "सोमवारीही बाराच. मग पुढे माती कुठे खाल्ली? बाई, हिशोब येतो का तुम्हाला?"

"येतो," ती म्हणाली. "बुरेटमधल्या अल्कलीची तीव्रता अर्धा नॉर्मल. बारा गुणिले अर्धा, सहा. नमुना दहा मिली घेतला, म्हणून भागिले दहा. शून्य पॉइंट सहा. आणि मुळात दहापट पातळ केलंय, म्हणून परत गुणिले दहा. सहा."

पेन हातातही घेतलं नाही तिने. मग दादाकडे पाहिलं. बोल आता.

दादा बोलला.

"बघितलंत साहेब? पाठ आहे तिला. मी तरी काय वेगळं सांगत होतो? ती सांगते, मी उतरवतो. सोमवारी तिने शून्य पॉइंट सहा सांगितलं, मी तेच लिहिलं. सख्खी बहीण, आठ वर्षांचा अनुभव. मी कशाला तपासत बसतोय?"

तिला आधी वाटलं, बोलताना गडबडला. आता सुधारेल. तो सुधारेना.

"दादा, मी बारा म्हणाले. नुसतं बारा. आठ वर्षांत कधी उत्तर सांगितलंय मी तुला?"

"नीट आठव."

"तू फोनवर होतास."

"घाबरलीये साहेब ती," दादा म्हणाला. इतक्या मायेने म्हणाला, की परक्याला खरंच वाटावं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सोमवारच्या पानाखाली सही कुणाची?"

"माझी."

"मग झालं तर."

खरं लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता.

दादाने कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्यापुढे पसरला. टाईप केलेला. 'आकडेमोड करताना माझ्याकडून चूक झाली.' वर तारीख कालची. म्हणजे काल तो 'चूक माझी' म्हणाला, तेव्हा हा कागद तयार झाला होता नाहीतर होत होता. आणि आज बोळात दंड धरून त्याने तिच्याच हाताने तिचा गळा आवळून घेतला होता.

"सही कर," तो तिच्या कानाशी आला. "नोकरी जाईल, जाऊ दे. वकील मी देतो. माझ्यामागे बायको आहे, पोरं आहेत. तू एकटी, तुझं काय अडतंय? मी आहे ना सांभाळायला. आणि हे बघ, आईला एवढ्यात कळू देऊ नको. तिला नाही सोसायचं."

तिने हातमोजे काढले. एक, मग दुसरा. अ‍ॅप्रनच्या खिशातून फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला.

"आई, दादा तुला काहीतरी सांगतोय. सोमवारी काय झालं ते."

आणि हात लांब करून तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

फोनच्या पलीकडे मोरीत नळ वाहत होता. तो बंद झाल्याचं तिघांनाही ऐकू आलं.

"हं, बोल रे बाळा," आई म्हणाली. "ऐकतेय मी."