रुमालाखालची जागा

"सीटवर कोणी टाकलेला रुमाल उचलू नये वं पोरी. त्याच्याखाली माणूस बसेल रायते," सासू शकुबाईनं कधीतरी सांगितलं होतं. प्रेरणा हसली होती. बी.एस्सी. झालेल्या सुनेला काळीपिवळी जीपमध्ये बसायचे कायदे शिकवतात!

आज राळेगावच्या स्टँडवर तिनं रुमाल उचललाच. रुमाल तिच्याच नवऱ्याचा, रजतचा; गाडीही त्याचीच. पण ड्रायव्हरशेजारची ही सीट तो रोज धरून ठेवायचा ती अंजूसाठी. यवतमाळला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी, चाकाच्या खुर्चीतून येणारी, हसली की गालावर खळी पडणारी अंजू. सीटखाली तिला खुर्चीतून सीटवर सरकता यावं म्हणून रजतनं केलेली फळी होती, घासून घासून गुळगुळीत केलेली. घरी पाळण्याचा हूक ठोकायला मात्र त्याला तीन महिने सवड नव्हती.

प्रेरणा लेकीला मांडीवर घेऊन ऐसपैस बसली.

"तू मांगं बस ना वं," रजत हळूच म्हणाला.

"काहून? मी काय परकी आहो?"

"आता मालकीणच बसली. कोन उठवते!" मागून म्हातारा धावजी बोलला. सगळी गाडी हसली.

अंजूनं सवयीनं पुढच्या दाराला खुर्ची लावली, आत पाहिलं. खळी विरली. "बसा वहिनी, लेकरू आहे. मी बसीन मांगं."

मागची पायरी उंच. फळी तिथं टेकेना. शेवटी रजत वाकला आणि सगळ्यांदेखत त्यानं अंजूला दोन्ही हातांवर उचललं. ओढणी खाली लोंबली. कोणीतरी शिट्टी मारली. अंजूनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

प्रेरणाला आरशात सगळं दिसलं. जे दृश्य नुसतं कल्पून ती महिनोन्‌महिने मनात जळत होती, ते आज पहिल्यांदा घडत होतं. तिच्यामुळे.

वाटेत अंजू एकदाच बोलली. "पह्यले सगळ्याच गाड्यायमध्ये असंच उचलत, वहिनी. कोणाचा हात कुठं लागे. भाऊनं फळी केली, तवापासून मी माह्या हातानं बसत होती."

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. फोन बंद. प्रेरणा दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आली, कडी वाजवली, दार उघडलं नाही.

तुम्ही राळेगावकडे जाणार असाल तर तेवढं अंजूकडे डोकावून या. बरी आहे का, बघा. आणि सांगा, गाडी सुटेपर्यंत सीट रिकामीच असते; रुमाल आता प्रेरणा टाकते.