कुंडलचा फेटा

साताऱ्याची एस.टी. कोरेगावच्या स्टँडात वळली तशी हलगी कडाडली. फौजेची ट्रंक खांद्यावर घेऊन जोतीराम खाली उतरला आणि धड पाय टेकायच्या आत गुलालानं माखून निघाला. निम्मा गाव लोटला होता. सगळ्यांच्या पुढं त्याचा बाप, केरबा पैलवान. केरबाच्या दोन्ही हातांवर घडी घातलेला एक जरीचा फेटा होता.

हा फेटा केरबानं ऐन उमेदीत कुंडलच्या मैदानात कुस्ती मारून मिळवलेला. पोरगं तालमीत जायला लागलं तेव्हा त्यानं चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "ह्यो बांधीन तर कुस्ती मारलेल्या पोराच्या डोक्याला. न्हाईतर माज्या सरणावर जाऊ द्या." पोरगं पुढं फौजेत गेलं. पलटणीनं खेळात घेतलंय, एवढंच काय ते घरी कळलं. आणि परवा सोसायटीच्या ट्रान्झिस्टरवर बातमी लागली. निम्मी खरखरीत गेली, पण परदेशात फौजांच्या स्पर्धा झाल्या आणि फ्रीस्टाइलमध्ये आपला जोतीराम पहिला आला, हे सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. आता फ्रीस्टाइल म्हणजे काय, हे या मुलखात शेंबड्या पोराला विचारा. मातीतली ती आपली कुस्ती, गादीवरची ती फ्रीस्टाइल. केरबानं त्याच दिवशी फेट्याला ऊन दाखवलं.

जोतीराम बापाच्या पाया पडला. त्याला उठवायला केरबानं त्याचं डोकं धरलं, बोटं कानांना लागली आणि तिथंच थांबली. केरबाचे स्वतःचे कान कांदाभज्यासारखे चुरगळलेले. डोक्याला डोकं घासून कुस्ती धरली की कान फुटतातच, पैलवानाची खूणच ती. पोराचे कान मात्र जन्माला आले तसेच होते, सरळ आणि धड.

"आता बोल की गड्या," दादासो पुढं सरकला. केरबाच्या शेताला याचा बांध, आणि बोलण्याला याचं बोलणं, सगळा जन्म लागलेलं. "कुणाची पाठ भुईला लावलीस? कंचा डाव टाकलास?"

जोतीरामनं फेट्याकडं पाहिलं. तो फेटा त्यानं अंधारात हात लावून ओळखला असता. मुकाट्यानं बांधून घ्यावा, खरं काय ते घरी गेल्यावर सांगावं, असं त्याच्या मनात येऊनही गेलं.

"आबा, ह्यो बांधू नगा," तो म्हणाला. "म्या कुस्ती न्हाई खेळलो. ही फ्रीस्टाइल पवायची असती. शंबर मीटर पवायचं, जो आदी भिताडाला हात लावंल त्यो पैला."

हलगीवाल्याचा हात वरच्या वर राहिला.

"पवायची व्हय?" दादासोला आयतंच सापडलं. "आमची म्हस रोज डोहात पवतीया. तिलाबी धाडू की फौजंत."

लोक खदाखदा हसले. कालपर्यंत केरबाच्या दारात चहा प्यायलेलेही हसले. केरबाच्या कानशिलात रक्त चढलं. फेट्याची घडी त्यानं छातीशी धरली आणि पोराला विचारलं,

"किती गडी व्हतं पाण्यात?"

"माज्यासकट आठ. आठ देशांचं."

"दांडगं?"

"लय दांडगं. एकेकाचा हात माज्यापरीस हातभर लांब."

"मग?"

"मग काय आबा. भिताडाला हात लागला, मागं वळून बघितलं, तर समदी अजून येतच व्हती." जोतीरामनं हात सरळ वर नेला. "आपला झेंडा वर गेला. आपलं गाणं वाजलं. ती सातबी जणं ताठ उभी ऱ्हायली."

स्टँडात आता कुणी हसत नव्हतं. केरबानं पुढं विचारलं,

"पवायला कुणी शिकीवलं? सायबानं?"

"सायबानं हात कसा टाकायचा त्ये शिकीवलं. पवायला तुमीच की. कुस्तीला दम पायजे म्हून पाठीला भोपळा बांधून हिरीत ढकललं व्हतं, इसरला व्हय? म्या रडाय लागलो तर वरनं म्हणला, हात मार, मी हाय."

केरबा विसरला नव्हता. तेव्हा काठावर तो स्वतःच उडी टाकायच्या बेतात होता, हे मात्र त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दादासो काही गप्प बसायच्या जातीचा नव्हता. "म्हंजी सात जणांस्नी पाठ दावून पळाला म्हणा की."

केरबानं फेट्याची घडी सोडली. पोरानं पुन्हा "नगा आबा" म्हणू नये म्हणून एक टोक त्याच्याच दातांत दिलं आणि पहिला वेढा घातला.

"दावली की," तो दादासोकडं न बघता म्हणाला. "सात मुलखांस्नी दावली. पर लावली का एकानं तरी?"

हलगी पुन्हा सुरू झाली. केरबा वेढ्यावर वेढा घालत राहिला, चांगला घट्ट, कुंडलच्या मैदानात त्याला बांधला होता तसा. शेवटचा पदर खोचून झाल्यावर तो दोन पावलं मागं झाला आणि त्यानं बघितलं. मग पुन्हा जवळ गेला. कानांवर आलेला फेट्याचा काठ त्यानं दोन्ही अंगठ्यांनी वर सारला आणि पोराचे ते न फुटलेले कान गावाला दिसतील असे बाहेर काढून ठेवले.