काही शंका?

रेणुका मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणत होती. सेमिनार हॉलच्या छताला क्वांटम पदार्थाचा तो अतिपातळ थर लावल्यापासून प्रश्न विचारायला कुणी हात वर करत नसे. अध्यक्षांनी "काही शंका?" म्हटलं, की त्या क्षणी छताखाली ज्याच्या मनात जी शंका असेल, ती नावासकट पडद्यावर उमटायची.

मंचावर तिचे गाइड धारवाडकर सर नव्या नॅनोपदार्थाचे दोन आलेख दाखवत होते. नमुने वेगवेगळे, पण दोन्ही रेषांची बारीक थरथर मात्र हुबेहूब सारखी. असं कधीच होत नाही. एक आलेख सरळ दुसऱ्यावरून उचलला होता. ते दिसताच, शंका मनात येऊ नये म्हणून रेणुकाने पाढा सुरू केला होता. पडद्यावर तिचं नाव आलं, तर पीएचडी कसली आणि काय!

"ओठ हलतायत तुझे," शेजारी बसलेला आरिफ कुजबुजला.

"बोलू नकोस रे माझ्याशी! सतरा पंचे पंच्याऐंशी..."

भाषण संपलं. टाळ्या विरल्या.

"काही शंका?" अध्यक्षांनी विचारलं.

रेणुकाने डोळे गच्च मिटले. बऱ्याच वेळाने तिने भीतभीत डोळे उघडले. आरिफचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. पुढच्या रांगेतले प्राध्यापकही काहीतरी पुटपुटत होते.

पडद्यावर एकच ओळ होती : 'थरथर सारखीच आहे, हे कुणाच्या लक्षात तर आलं नसेल?'

त्याखाली धारवाडकर सरांचं नाव होतं. पडद्याकडे पाठ करून सर अजून हसत उभे होते.