अहो

पायाची जखम चिघळलेल्या आजोबांची बायको सकाळी नऊला माझ्या टेबलाशी आली.

"सिस्टर, यांचं काहीतरी बिघडलंय. मला म्हणाले, 'अहो, जरा पाणी देता का?'"

"बरंय की आजी! उशिरा का होईना, मान मिळतोय."

ताप, नाडी, बीपी ठीक होतं. धोका आधीच ओळखणाऱ्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. दुपारी चारला तो लाल झाला. सहाला ते गेले.

फॉर्मवर विचारलं होतं : इन्फेक्शन रक्तात पसरल्याचं पहिलं लक्षण किती वाजता दिसलं? मी नऊ लिहिलं.

डॉक्टर म्हणाले, "कॉम्प्युटर तर चार दाखवतोय."

"नऊला त्यांना बायको ओळखू आली नव्हती. मला हसू आलं होतं."