चुंबळ

तेजस्वी उंबऱ्यातच थबकली. घरात कसला तरी गोडसर, कुजका वास होता.

“उंदीर मेलाय का गं आई कुठं?”

“उंदीर कुठला आलाय? मागं वखारीत तंबाखू भिजलाय, त्येचा आसंल.” जयाबाईनं लेकीच्या तळहातावर साखर ठेवली. “त्वांड गोड कर आधी. तुझ्या आप्पांची पडून पडून झाल्याली जखम वाळली.”

निपाणीत जन्मलेल्या पोरीला तंबाखूचा वास कुणी शिकवावा! संकेश्वरला दिली म्हणून काय नाक बदलत नाही. साखर तिनं मुठीतच धरली.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आण्णाप्पा खाटेवर उताणा पडून होता. त्या पाठीला हे नवंच. वखारीतले तंबाखूचे बोद, माणसाएवढाली पोती, वाहून ती तयार झालेली. एकदा म्हणे बोदावर मुकादम झोपला होता, तो आण्णाप्पाला कळलाच नाही. दोघांना ट्रकात टाकून हा घरी येऊन जेवला. मुकादम जागा झाला तो कोल्हापुरात. निपाणीत हे शपथेवर सांगतात, आणि सांगणारा दर खेपेला एक मुकादम वाढवतो.

“डॉक्टर कूस बदलत ऱ्हावा म्हणलते की,” तेजस्वी म्हणाली.

“बदलली की वरडत्यात गं. बघवत न्हाय. म्हणून म्या युक्ती केली.” जयाबाईनं आवाज बारीक केला, जणू शेजारीण ती युक्ती चोरून नेईल. “माकडहाडाखाली चुंबळ घातलीय. जुन्या लुगड्याची, घट्ट पिळून. मधी पोकळ, जखमंला काय टेकतच न्हाय! जल्मभर चुंबळीवर घागरी वाहिल्या, माझं टाळकं सोललं का कधी?”

“घागर घरी आल्यावर उतरवत हुतीस न्हवं?”

जयाबाई हसली. “कुणाच्या बोलण्यात हरायची न्हाईस बघ. ये, डोळ्यानं बघ. आधी लालभडक हुतं, मग पाणी सुटलं. आता कशी काळी खपली धरलीय. चामड्यागत टणक!”

तेजस्वीनं मुठीतली साखर उशाशी ठेवली. दोघींनी मिळून आण्णाप्पाला कुशीवर घेतलं, तसा तो ओरडला, मग निवला. चुंबळीचा अख्खा वेढा कातडीत जांभळा उमटला होता. मधोमध करपलेल्या भाकरीसारखी ती खपली. वास आता खोलीत नव्हता, तिथंच होता.

खपलीची एक कड सुटली होती. जयाबाईनं धरलेल्या तांब्यात तेजस्वीनं फडकं बुडवलं, बोटाला गुंडाळलं आणि कड पुसायला गेली. बोट टेकलं नाही. आत गेलं. पेरापर्यंत गेलं, आणि तिथं काहीतरी कठीण लागलं.

जयाबाईच्या हातातला तांब्या कलला. पाणी खाटेवर सांडत राहिलं.

आण्णाप्पा भिंतीकडं तोंड करून वाट बघत होता.

“लाव की गं हात,” तो खुशीत म्हणाला. “भितीस कशाला?”