खांदेमळण

गुणवंतानं हातगाड्याची दोन्ही चाकं काढली, तेव्हाच त्याची बायको कलाबाई "नोको" म्हणाली होती. आता ती चाकं अंगणातल्या फटफटीला बसली होती आणि गाड्याची नुसती फळी भिंतीला टेकून उभी होती.

फटफटी तरी केवढी! बसलेल्या शेळीएवढी. सांगाडा लढाईतला. विमानातून शिपायांबरोबर छत्रीनं खाली सोडायच्या अशा फटफट्या होत्या, असं भैय्याजी सांगे. भैय्याजी कापसाच्या जिनिंगमधला फिटर. नागपूरच्या भंगारात त्याला हा सांगाडा सापडला, गंजून लाल झालेला. इंजिन नव्हतं. ते पलटणीच्या बॅटऱ्या भरायच्या मशीनचं आणलं. टाकी तेलाच्या डब्याची, साखळी सायकलची. लोखंड जोडलं भैय्याजीनं. घासलं, बसवलं गुणवंतानं. उंच गाडी त्याला सावरली नसती. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून जिनिंगमध्ये मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला होता. हिच्यावर बसलं की उजवा पाय सपाट जमिनीला टेकायचा.

जिनिंगनं टाकून दिलेल्या तशाच पट्ट्याचा एक तुकडा खांद्यावर घेऊन कलाबाई त्याला रोज गाड्यावर सौसरच्या बाजारात ओढून न्यायची. तिथं तो स्टो आणि कंदील दुरुस्त करी. पट्ट्याचा तो तुकडाही आता फटफटीच्या सीटवर खिळ्यांनी ठोकला होता.

"हे नाई चाललं तं बजारात तुमाले पाठुंगळी नेऊ का मी?" कलाबाई म्हणाली.

"चालन."

"अन् नाई चाललं तं?"

गुणवंता इंजिन पुसत राहिला.

पोळ्याची आदली संध्याकाळ होती. गल्लीत घरोघरी बैलांचे खांदे तूपहळदीनं मळणं चाललं होतं. शेजारचे पुंडलिकराव आपल्या बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

ते ऐकून कलाबाई घरात गेली आणि वाटी घेऊन आली. फटफटीच्या दांड्याला तिनं तूपहळद चोळली. इंजिनाला बोट लावलं. मग अंगठाभर टाकीच्या झाकणावर थापलं आणि त्यावर कुंकू दाबलं.

"वहिनी, हे का बैल हाय?" भैय्याजी हसला.

"आजपासून हेच ओढन ना भाऊजी. मंग मान नोको का तिले?"

पुंडलिकराव बैलाला धरूनच फाटकाशी आले. "नागपूर मुंबई राज्यात चाललं म्हणते, आपलं सौसर भोपाळच्या. अन् हा गुणवंता कुठं चालला?"

"बजारात," गुणवंता म्हणाला आणि सीटवर बसला.

इंजिनाच्या चाकावर दोरी गुंडाळून त्यानं ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा इंजिन खोकललं, धूर आला आणि गुणवंता सीटवर नखशिखान्त थरथरू लागला. पुंडलिकरावांचा बैल बिचकला. फटफटी फाटकातून बाहेर पडली, चार घरं गेली आणि विझली.

भैय्याजी धावला. पुन्हा दोरी, पुन्हा थोडा आवाज, पुन्हा गप्प. प्लग काढून पाहिला. ठिणगी चांगली होती. टाकी हलवून पाहिली, पेट्रोल होतं. ओट्यावरचं कोणी तरी म्हणालं, "बैलच बरा, बापा." कलाबाईनं मागं वळून भिंतीशी टेकलेल्या फळीकडे पाहिलं.

गुणवंतानं वाकून टाकीला कान लावला. मग झाकण जरासं फिरवलं. सूंऽऽ करून टाकीनं आत हवा ओढून घेतली. त्यानं झाकण हातात घेतलं. वर मधोमध हवेसाठी एक बारीक भोक ठेवलेलं होतं. ते तुपानं आणि कुंकवानं गच्च बुजलं होतं.

"कला," तो म्हणाला, "इचं नाक बुजवलं तुनं."

कलाबाईनं जीभ चावली. खराट्याची काडी मोडून आणली, भोक कोरून मोकळं केलं आणि आरपार उजेड दिसतो का ते आभाळाकडे धरून पाहिलं. मग झाकण स्वतःच लावलं.

या वेळी इंजिन एका दोरीत लागलं. गुणवंतानं वेगाची दांडी दाबली. फटफटी चार घरं गेली, आठ घरं गेली, मारुतीच्या पारापर्यंत गेली. तिथं ती थांबेल असं सगळ्यांना वाटलं. ती वळणावरून दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत राहिला, लहान होत होत. ओट्यांवरची माणसं उभी राहिली. पुंडलिकरावांचा हात बैलाच्या खांद्यावर होता तिथंच राहिला.

कलाबाई गल्लीच्या मधोमध उभी होती. गाडा ओढताना नवरा मागं असायचा. त्याची पाठ दूर जाताना तिनं कधी पाहिली नव्हती.

"किती सरळ बसते हो भाऊजी हे," ती हळूच म्हणाली.

भैय्याजीनं मान डोलावली.

आवाज पुन्हा मोठा झाला. गुणवंता आला, अगदी तिच्यासमोर थांबला, उजवा पाय जमिनीला टेकवला. इंजिन चालूच ठेवलं.

"वाटी कुठं हाय?"

तिनं आणून दिली. "आता कुठं लावता इले? झालं ना लावून."

"इले नाई. बस खाली. फीर तिकडं."

"काऊन?"

"फीर म्हणलं ना."

ती त्याच्याकडे पाठ करून उकिडवी बसली. वाटीत दोन बोटं तूपहळद राहिली होती. त्यानं ती निपटून काढली आणि तिचा पदर उजव्या खांद्यावरून बाजूला केला.

"अहो, लोक पाहून राहिले!"

"पाहू दे."

पुंडलिकरावांनी बैलाचं तोंड हलकेच दुसरीकडं वळवलं आणि स्वतःही वळले. गुणवंता तिचा खांदा मळत तिच्या कानाशी वाकला. फटफटीच्या आवाजात तो काय म्हणाला ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

"हो, येतो जेवाले," कलाबाई म्हणाली. ती हसत होती की रडत होती, ते मागून कळत नव्हतं.

तिच्या खांद्यावर पट्ट्यानं पडलेला खळगा होता. पातळ झालेलं तूप ओघळून खाली आलं नाही. तिथंच साचलं.