मोठ्या अक्षरात

घरात कॉम्प्युटर नव्हता. वर्षानं मोबाईल टीव्हीला जोडला, कीबोर्ड-माऊस लावला आणि पुण्याच्या नोकरीचा अर्ज भरायला बसली. मागे पलंगावर आप्पा होते, सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून आलेले. त्यांना जवळचं दिसत नसे. गावाहून काकाचे मेसेज वर्षाच्याच मोबाईलवर येत. ते वाचून दाखवताना ती स्थळाचं तेवढं गाळायची.

अचानक टीव्हीवर काकाचा मेसेज उतरला. घाईघाईत तिला माऊस सापडेना. आप्पा एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागले, "दादा, मुलाकडचे... वर्षासाठी... परत विचारताहेत."

वर्षानं मान खाली घातली.

"दोनदा फोनवर नाही म्हणून झालंय माझं त्याला," आप्पा म्हणाले. "काढ तो मेसेज बाजूला. तुझा अर्ज झाकला गेलाय."